ताईला ब्लड कॅन्सर झालाय, आम्ही माहेरच्यांनी काय करायचं?

प्रश्न : माझी मोठी बहीण 39 वर्षांची आहे. सासर देवगड तालुक्यात, आंब्याची बाग आहे. घरी भावोजी, सासूबाई, 13 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा. गणपतीत तिच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सगळ्यांना डेंग्यू वाटला, पण तपासणीत एएमएल, म्हणजे वेगाने वाढणारा ब्लड कॅन्सर, निघाला. आता ती खारघरला दाखल आहे, कीमो सुरू झालीय, भावोजी तिच्याजवळ आहेत. मुलांना 'आई मुंबईला कामाला गेलीय' असं सांगून ठेवलंय. मी रत्नागिरीत नोकरी करते. प्लेटलेट द्यायला मी आणि माझा भाऊ तयार आहोत. पुढच्या आठवड्यात रजा काढून भेटायला जाऊ का? आणि आम्ही नेमकं काय करू शकतो?

उत्तर : आधी प्लेटलेटचं बोलू, कारण ते लगेच थांबवायला हवं. तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघांनीही ताईंना रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. एएमएलच्या बऱ्याच रुग्णांना पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवला जातो. त्यासाठी आधी सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे पेशी जुळतात का याची तपासणी, होते, आणि एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. ज्याच्या पेशी पुढे लागतील त्याचंच रक्त आधी चढवलं, तर रुग्णाच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी ते नडतं. आई-वडिलांनीही देऊ नये. भावोजींनी द्यायचं का, हे रक्तपेढीला विचारा, बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो टाळतात. तुमची सगळ्यांची रक्तदानाची इच्छा बाहेरचे दाते जमवण्यात घाला.

मी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसोबत वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम करते. माझं गावही सिंधुदुर्गातलंच, त्यामुळे पुढच्या लिहिण्यात वॉर्ड आणि वाडी दोन्ही येणार. औषधांचे निर्णय डॉक्टरांचे. मी सांगते ते त्यांच्या आजूबाजूचं.

उपचार किती लांबतो याचा अंदाज घरात सगळ्यांना हवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात दम संपतो. पहिल्या फेरीत सहसा सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन देतात. औषध आठवड्यात संपतं, कठीण काळ त्यानंतरचा असतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अगदी तळाला जातात आणि वर यायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून दवाखान्यात चार-पाच आठवडे धरून चाला. मग पुन्हा बोन मॅरोची तपासणी होते. आजार दिसेनासा झाला, म्हणजे रेमिशन मिळालं, तरी उपचार संपत नाहीत. आणखी तीन-चार फेऱ्या किंवा ट्रान्सप्लांट, यांतलं काय ते गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या रिपोर्टवर ठरतं. तो रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोपर्यंत 'बरी होणार ना?' याचं नेमकं उत्तर डॉक्टरही देत नाहीत. टाळाटाळ म्हणून ते गप्प नसतात. फेऱ्यांवर भागलं तर पाच-सहा महिने जातात. ट्रान्सप्लांट झाला तर त्यानंतर शंभर दिवस दवाखान्याच्या जवळच राहावं लागतं.

एवढ्या काळात माणसं कमी पडतात ती नंतर. सुरुवातीला इतके जण धावून येतात की वॉर्डाबाहेर उभं राहायला जागा नसते. शहाळी, सफरचंदं, 'काही लागलं तर सांग' सगळं येतं. तिसऱ्या महिन्यात भावोजी एकटेच फाइल घेऊन रक्तपेढीच्या रांगेत दिसतात. म्हणून माझा आग्रह असा की 'काही लागलं तर सांग' हे वाक्यच घरातून काढून टाका. एकेका माणसाने एकेक काम उचलायचं, आणि उपचार संपेपर्यंत ते त्याचंच. भेटायला कोण किती वेळा आलं हे मोजू नका.

तुमच्या घरात मला दिसणारी कामं सांगते. पहिलं रक्तदात्यांचं. कोकणातल्या माणसाकडे इथे मोठी ताकद आहे, ती म्हणजे गावाचं मुंबईतलं मंडळ. देवगडच्या वाडीचं मंडळ लालबाग-परळपासून डोंबिवली-नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेलं असतं, व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. पण तिथे नुसता 'तातडीने रक्त हवे' असा मेसेज टाकला की एका दिवशी वीस जण येतात आणि पुढच्या आठवड्यात कोणीच नसतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून यादी करा, पाळ्या लावा. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट. त्यासाठी दात्याचं वजन 50 किलोच्या वर हवं, हाताची शीर चांगली हवी, आदल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ बसायची तयारी हवी. एकदा दिलेला दाता काही दिवसांनी पुन्हा देऊ शकतो, त्यामुळे नेमाने येणारे आठ-दहा जण पन्नास नावांपेक्षा भारी पडतात. हे काम तुमच्या भावाला द्या. दवाखान्यातून फोन आला की पुढचं नाव त्याने काढायचं, भावोजींनी नाही.

दुसरं कागद आणि पैसे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणि तिच्याशी जोडलेल्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागातही जा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि ट्रस्टची मदत यांचे अर्ज त्यांना पाठ असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावाकडून कोणीतरी लगेच काढून ठेवा, तो प्रत्येक ठिकाणी मागतात. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तीही वाट पुढे कामाला येऊ शकते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत आहे. फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यायचा. कणकवलीहून कोकणकन्येने किंवा तुतारीने पनवेलला उतरलं की खारघर जवळच. परळला जावं लागलं तर नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा ही दोन नावं लक्षात ठेवा. जागेसाठी दवाखान्याची चिठ्ठी लागते.

लोकांनी दिलेले पैसे एकाच खात्यात, एकाच वहीत. कोणी किती दिले ते लिहून ठेवा. उपचार संपल्यावर त्यावरूनच घरं तुटलेली पाहिलीत. आणि घाबरून बाग विकायला काढू नका. पहिल्या आठवड्यात येणारं गिऱ्हाईक तुमची अडचण बघून भाव पाडतं.

बागेचा विषय निघालाच आहे तर तेही एक कामच आहे, आणि ते मदत करणाऱ्यांच्या सहसा ध्यानातच येत नाही. भावोजी खारघरला, आणि पुढच्या दोन महिन्यांत मोहोर सुरू होणार. फवारणी चुकली तर एप्रिल-मेची वर्षभराची कमाई गेली. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला बागायतदार माणूस मोहोराचाही विचार करत असतो, फक्त बोलून दाखवत नाही, कारण बायको अशी असताना आंब्याचं काय घेऊन बसलाय असं लोक म्हणतील. त्यांच्या चुलतभावाशी नाहीतर शेजारच्या बागवाल्याशी तुम्ही बोला. या हंगामात बाग कराराने द्यायची असेल तर तोही व्यवहार भावोजींच्या फोनवर नको, कोणीतरी समोर बसून, कागदावर.

आता मुलं. 'कामाला गेलीय' हे या आठवड्यात बंद करा.

सासूबाईंचं म्हणणं मला इथूनही ऐकू येतं, 'पोरांका कायएक सांगू नको.' त्या मायेनेच म्हणतात. पण 13 वर्षांच्या मुलीला बहुधा कळलेलं आहे. फोन उचलून बाहेर जाणारी माणसं, एसटीच्या थांब्यावर मध्येच तुटणारं बोलणं, हातातला मोबाइल आणि त्यात शोधलेला 'एएमएल' हा शब्द. तिला जे माहीत आहे ते ती घरात बोलू शकत नाही, एवढंच तुमच्या गप्प बसण्याने होतं. आणि धाकट्याच्या मते आई त्याला सांगितल्याशिवाय गेली, म्हणजे ती त्याच्यावर रागावली असणार.

एका घरातला पाच वर्षांचा मुलगा मला आठवतो. आई दाखल झाल्यापासून त्याने चेंडूला हात लावला नव्हता. आजी म्हणायची, शहाणा झाला, दंगा करत नाही. खूप दिवसांनी मामीला त्याने सांगितलं की त्याचा चेंडू आईच्या दंडाला लागला होता, तिथे काळा डाग पडला आणि मग आईला दवाखान्यात नेलं. प्लेटलेट कमी झाल्यामुळे डाग पडतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या ताईंनाही डाग आले होते. म्हणून धाकट्याला हे आपणहून सांगा, त्याने विचारायची वाट बघू नका.

त्याच्यासाठी एवढं बोलणं पुरतं : 'आईच्या रक्तात आजार झालाय, त्याला ल्युकेमिया म्हणतात. तो कोणामुळे होत नाही, तुझ्यामुळेही नाही. तो सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टर खूप जोराचं औषध देतायत, त्यामुळे आईचे केस जातील आणि मग परत येतील. आई येईपर्यंत आजी तुला जेवू घालणार, मावशी रोज फोन करणार.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, लहान मुलाला त्याचं रोजचं कोण बघणार हे आधी कळायला हवं असतं. तो चार दिवसांनी तेच पुन्हा विचारेल, तेव्हा तेच पुन्हा सांगा. केस गेलेल्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवण्याआधी फोटो दाखवा.

थोरली विचारेल, आई मरणार का? 'छे, काहीतरीच काय बोलतेस' म्हणू नका. 'आजार गंभीर आहे. बरं करण्यासाठीच औषध चालू आहे. काही बदललं तर तुझ्यापासून लपवणार नाही' हे म्हणा, आणि पाळा. हे सांगायचं माणूस कोण ते ताईंनीच ठरवावं. त्यांना बोलायची ताकद असेल तर फोनवर त्या असाव्यात आणि मुलांच्या शेजारी तुम्ही.

थोरलीवर आणखी एक संकट येतं, ते म्हणजे घर. भाकरी, धाकट्याची आंघोळ, आजीची औषधं, सगळं तिच्यावर सरकतं आणि लोक कौतुक करतात, 'बाई पोर किती शहाणी.' आठवीतल्या मुलीची शाळा अशीच सुटते. कामाला बाई लावा, पगार माहेरच्यांनी द्यावा. आई नसताना तिला पाळी येणार, कदाचित पहिल्यांदाच, आणि ती वडिलांशी बोलणार नाही. ते काम मावशीचं. तिच्या वर्गशिक्षिकेला आणि अंगणवाडीताईंना आजाराची कल्पना द्या. अंगणवाडीत किंवा घरात कांजिण्या निघाल्या, तर ताई मुलांना भेटण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. धाकट्याला पल्स पोलिओचे थेंब देण्याआधीही विचारायचं, कारण थेंबांतला जिवंत विषाणू प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाच्या घरात नको असतो. इंजेक्शनची पोलिओ लस चालते.

ताईंबद्दल एक गोष्ट जी बायका पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत. प्लेटलेट कमी असताना पाळी आली तर रक्तस्राव खूप होऊ शकतो. पाळी थांबवायच्या गोळ्या देता येतात, पण त्यासाठी नर्सला कळायला हवं. भावोजी विचारणार नाहीत. तुम्ही फोनवर विचारा. मूळव्याधीचंही तसंच.

दोन फेऱ्यांच्या मध्ये ताईंना सुट्टी मिळाली की लगेच देवगडला न्यायचा हट्ट गावाकडून सुरू होतो. न्यावं की नाही ते काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, बघून डॉक्टर सांगतील. शक्यतो खारघर-पनवेलच्या आसपास खोली घेऊन राहावं, कारण ताप. पांढऱ्या पेशी कमी असताना 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे तातडी, ती सकाळपर्यंत थांबत नाही. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू, असं करायचं नाही, त्याने ताप दबतो आणि आत संसर्ग वाढत राहतो. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. देवगडला असताना ताप आला तर कुठे जायचं, ओरोसला, कणकवलीत की बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, हे निघण्याआधीच खारघरच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. गाडी नसेल तर 108. दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा : थर्मामीटर, फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) आणि डॉक्टरांची चिठ्ठी. त्या चिठ्ठीत 'स्नायूत इंजेक्शन देऊ नये' असं स्पष्ट असू द्या. आपल्याकडे तापाला कमरेत सुई टोचायची सवय आहे, प्लेटलेट कमी असलेल्या माणसाच्या स्नायूत त्याने रक्त साकळतं.

घर तयार करायचं म्हणजे काय, तर पावसात ओल आलेल्या भिंतीची बुरशी काढून चुना लावायचा, आणि ते ताई यायच्या बऱ्याच आधी. त्यांच्या खोलीत सारवण नको, गवत-पेंढा जवळ नको, गोठ्याकडे त्यांनी जायचं नाही. बुरशीची धूळ या आजारात फुप्फुसाला धरते. फवारणीच्या दिवसांत बागेपासून लांब. विहिरीचं पाणी उकळून. खाण्याची भलीमोठी पथ्ययादी मला पटत नाही, आणि हल्ली डॉक्टरही ताजं, शिजवलेलं आणि स्वच्छ यावरच भर देतात. नीट शिजलेला बांगडा चालतो. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि दमट हवेत राहिलेलं सुकट नको. उकडीचा गरम मोदक चालतो, कच्च्या दुधाचं पंचामृत नको. हापूस 'उष्ण' म्हणून बंद करतात, त्याची काही गरज नाही. धुऊन, साल काढून, घरातल्याच कोणी कापलेला खाऊ द्या, जमिनीवर पडलेला नको. पपनसाचं मात्र जपा. काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नये असं असतं, पपनस त्याच्याच कुळातलं. ताईंना व्हेनेटोक्लॅक्ससारखी किंवा बुरशीविरोधी गोळी सुरू झाली तर आधी विचारा.

गुळवेलाचा काढा, पपईच्या पानांचा रस, कोणाच्या तरी ओळखीच्या वैद्याची पुडी, हे सगळं येणारच. पपईचं पान डेंग्यूवरून आलंय. इथे प्लेटलेटचा कारखानाच कीमोने बंद आहे, रसाने तो चालू होत नाही, आणि काढ्यांनी यकृत बिघडलं तर पुढची फेरी लांबते. नाही म्हणायचं काम सासूबाईंवर टाकू नका, 'डॉक्टरांनी लेखी मनाई केलीय' असं सांगा. देवाला कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं, तर घालू द्या. त्यावर भांडू नका, सासूबाईंना तेवढाच आधार आहे. तीर्थ आणि अंगारा पोटात जायला नको, कपाळाला चालेल. शिमग्यात ताई घरी असल्या तर पालखी अंगणात येऊ दे, त्यांनी खिडकीतून हात जोडावे. गुलालात उतरू नये.

भावोजींकडेही कोणीतरी बघा. दोन आठवड्यांतून एकदा त्यांच्या जागी दुसरं माणूस वॉर्डात थांबायला हवं, म्हणजे ते झोपतील आणि मुलांना भेटून येतील. ते बदली माणूस सर्दी-खोकला नसलेलं आणि रिपोर्ट वाचता येणारं असावं. बातमी द्यायलाही एकच माणूस ठेवा, त्याने आठवड्यातून एकदा ग्रुपवर चार ओळी टाकाव्यात. दिवसातून तीसदा तेच सांगून माणूस पिचतो. त्यांची झोप उडाली, ते बोलेनासे झाले तर 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

एक तुमच्यासाठी. एचएलए तपासणीत तुम्ही जुळलात तर सगळं घर तुमच्याकडे बघेल. पेशी द्यायला आता बहुधा ऑपरेशन लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं, हाडं दुखतात, आणि मग मशीनवर काही तास. पण होकार तुमचा हवा, तुमच्या तब्येतीची तपासणी करून आणि तुमच्या घरी बोलून. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नाही जुळलात तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांटही होतात आणि बाहेरचा दाताही शोधता येतो.

राहिली तुमची रजा. पुढच्या आठवड्यात खारघरला जाऊ नका. ताईंचे काउंट तेव्हा पडत असतील, तुम्हाला आत सोडलं तरी मास्क लावून पाच मिनिटं मिळतील, आणि भेटणारे तेव्हा भरपूर आहेत. पुढच्या आठवड्यात देवगडला जा. तीन-चार दिवस राहा, ताईंना फोनवर घेऊन मुलांना सांगा, बाईचं आणि फवारणीचं ठरवून या. उरलेली रजा डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. तेव्हा वॉर्डात थांबायला माणूस मिळणार नाही.